दवंडी, करपल्लवी आणि वॉकीटॉकी: मोठ्या दुकानाचे दोन आवाज

(या भागाचं लिखित रूप. बोलण्याच्या ओघातल्या काही गोष्टी वाचायला सोप्या जाव्यात म्हणून थोड्या नीट केल्या आहेत.)

आजचा भाग बाजाराच्या आवाजाबद्दल आहे.

तुम्ही पुण्यात किंवा मुंबईत एखाद्या मोठ्या मॉलमध्ये गेलात, तर दोन आवाज एकाच वेळी चालू असतात. एक छतातल्या स्पीकरमधून येतो: "ग्राहकांनी कृपया लक्ष द्यावे, तिसऱ्या मजल्यावर..." दुसरा तुम्हाला ऐकू येत नाही. तो दारावरच्या गार्डच्या कानातल्या बारक्या वायरमध्ये असतो. पहिला सगळ्यांसाठी, दुसरा फक्त आतल्या माणसांसाठी. हे दोन आवाज आले कुठून, आणि त्यांची एकमेकांशी गाठ पडली नाही तर काय होतं, हे आज बघू.

बाजारात हे आधीपासून होतं

सुरुवात आपल्याच भागातून करू. परभणी जिल्ह्यात, गंगाखेड तालुक्यात राणीसावरगाव आहे. अशा मोठ्या गावाचा आठवडी बाजार डोळ्यांसमोर आणा. पालं ठोकलेली, भाजीचे ढीग, बांगड्या, दोरखंड, बी-बियाणं. आजूबाजूच्या वाड्या-तांड्यांवरची माणसं आलेली. गावाला काही कळवायचं असेल तर दिवस हाच, कारण सगळे एका जागी सापडतात.

कळवायची रीत म्हणजे दवंडी. हलगी वाजते, गर्दी क्षणभर थांबते आणि "ऐका हो ऐका" सुरू होतं. गावोगाव दवंडी देणं हे कोतवालाच्या कामांपैकी एक काम. दवंडीचा गुण असा, की ती कुणालाही वगळत नाही. सावकारानं ऐकली तीच मजुरानं ऐकली.

पण त्याच बाजारात दुसरा, मुका आवाजही होता. जनावरांच्या बाजारात गेलेल्यांना तो माहीत असेल. दलाल आणि गिऱ्हाईक एकमेकांचे हात रुमालाखाली धरतात आणि बोटं दाबून भाव ठरवतात. भोवती पन्नास माणसं उभी असली तरी आकडा दोघांनाच कळतो. हातांनी बोलायच्या भाषेला मराठीत फार सुंदर शब्द आहे: करपल्लवी.

म्हणजे बघा, सगळ्यांना ऐकवायची दवंडी आणि मोजक्यांनाच कळणारी करपल्लवी, या दोन्ही गोष्टी बाजाराला पहिल्यापासून लागत आल्या. मोठ्या दुकानानं त्यांना वीज जोडली, एवढंच.

दवंडीला वीज मिळाली

१९१५ साली नाताळच्या आदल्या संध्याकाळी सॅन फ्रान्सिस्कोत पीटर जेन्सन आणि एडविन प्रिडहॅम या दोघांनी प्रचंड जमावाला लाउडस्पीकरवरून आवाज ऐकवला. त्यांच्या यंत्राचं नाव मॅग्नाव्हॉक्स. लॅटिनमध्ये त्याचा अर्थ मोठा आवाज. आपल्याकडे १९४० साली अहुजा कंपनी सुरू झाली आणि पुढे लग्नापासून सप्ताहापर्यंत "अहुजाचा सेट" हा शब्दच रूढ झाला. झाडाला बांधलेला कर्णा आणि खाली ठेवलेला ॲम्प्लिफायर, एवढ्यावर यात्रा चालायची.

मोठ्या दुकानांची अडचण मात्र वेगळी होती. गिऱ्हाईक निवांत फिरलं पाहिजे, आणि आतल्या माणसांना निरोपही पोचला पाहिजे. अमेरिकेतल्या जुन्या डिपार्टमेंट स्टोअरमध्ये त्यासाठी घंटेच्या टोल्यांचे संकेत असत. ठरावीक टोले पडले की ठरावीक माणसानं समजायचं, आपल्याला बोलावलंय. गिऱ्हाइकाला वाटायचं, सहज घंटा वाजली. करपल्लवीच ती, फक्त कानांनी ऐकायची.

'पेजिंग' या शब्दाची गोष्टही अशीच. जुन्या हॉटेलांत पोऱ्याला 'पेज' म्हणत. तो पाहुण्याचं नाव पुकारत दिवाणखान्यातून फिरायचा. त्या पुकाऱ्यावरून पेजिंग, आणि पुढे पेजर. पेजरचं पेटंट अल ग्रॉस यांनी १९४९ साली घेतलं, आणि तो पहिल्यांदा न्यूयॉर्कच्या एका रुग्णालयात डॉक्टरांना बोलावण्यासाठी वापरला गेला. आपल्याकडे पेजर आला १९९५ साली. त्याच वर्षी मोबाईलही आला, त्यामुळे पेजरचं आयुष्य थोडक्यात आटोपलं.

करपल्लवीला वीज मिळाली

दुसऱ्या आवाजाचं यंत्र युद्धातून आलं. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन सैनिक जो 'वॉकीटॉकी' पाठीवर वाहायचे, त्याचं वजन होतं पंधरा-सोळा किलो.  हातात धरायचा सेटही त्याच काळात निघाला, त्याला 'हँडी-टॉकी' म्हणत. दोन्ही शिकागोच्या गॅल्व्हिन कंपनीनं बनवले. हीच कंपनी पुढे मोटोरोला झाली. युद्धानंतर हे सेट हलके होत गेले आणि पोलीस, रेल्वे, बांधकाम असं करत दुकानात पोचले.

आता कुणी विचारेल, प्रत्येकाच्या खिशात मोबाईल असताना वॉकीटॉकी कशाला?

कारण साधं आहे. फोन एकाला लागतो. आधी नंबर शोधा, मग रिंग वाजणार, मग तो उचलणार. वॉकीटॉकीचं बटण दाबलं की त्या चॅनेलवरच्या सगळ्यांना एकदम ऐकू जातं. तळमजल्याच्या पार्किंगमध्ये मोबाईलला रेंज नसेल, तरी वॉकीटॉकीला टॉवर लागत नाही. मोठ्या दुकानात चॅनेल वाटून दिलेले असतात: सुरक्षेचा वेगळा, गोदामाचा वेगळा, काउंटरचा वेगळा. एका वेळी एकानंच बोलायचं, संपलं की "ओव्हर". इमारतींच्या आत बहुधा यूएचएफ सेट वापरतात.

आणि हो, हे खेळणं नाही. १८८५ चा तार कायदा आणि १९३३ चा बिनतारी कायदा यांच्यामुळे आपल्याकडे वायरलेस सेटला परवाना लागत आला. २०१८ साली केंद्र सरकारनं ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्झ एवढी चिंचोळी पट्टी कमी शक्तीच्या सेटसाठी परवानामुक्त केली. त्यापलीकडचा सेट ऑनलाइन स्वस्तात दिसला म्हणून घेणं अंगाशी येऊ शकतं. मे २०२५ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं परवान्याची माहिती न देता वॉकीटॉकी विकल्याबद्दल ई-कॉमर्स कंपन्यांना नोटिसा दिल्या. गावातल्या गणेश मंडळांनी आणि यात्रा कमिट्यांनीही हे लक्षात ठेवावं.

दोन आवाजांची गाठ पडत नाही तेव्हा

आता येतो मुख्य मुद्द्यावर.

२७ जुलै १९८१. अमेरिकेत फ्लोरिडा राज्यातल्या हॉलीवूड गावी सिअर्सचं मोठं दुकान. सहा वर्षांचा ॲडम वॉल्श आईसोबत आला होता. आई दिवे बघायला पलीकडे गेली, मुलगा व्हिडिओ गेमपाशी थांबला. तिथे मुलांची भांडाभांडी झाली, आणि एका तरुण गार्डनं मुलांना बाहेर घालवलं. आई परत आली तर मुलगा नाही. स्पीकरवरून त्याचं नाव पुकारलं गेलं. दुकानभर आवाज घुमला. पण मूल तेव्हा दुकानात नव्हतंच. पुढे त्याचा खून झाल्याचं उघड झालं आणि सगळा देश हादरला.

नीट बघा काय झालं. दवंडी पिटली गेली, पण ज्यानं मुलांना दाराबाहेर काढलं त्याच्याकडची माहिती आईपर्यंत वेळेत पोचली नाही. पहिला आवाज चालू होता, दुसरा नव्हता.

१९९४ साली वॉलमार्टनं यावर रीत बसवली. नाव ठेवलं 'कोड ॲडम'. मूल हरवल्याचं कळलं की संकेत आणि मुलाचं वर्णन सगळीकडे जाहीर होतं. कर्मचारी हातातलं काम सोडून शोधायला लागतात, दारांवर माणसं उभी राहतात, आणि दहा मिनिटांत मूल सापडलं नाही तर पोलिसांना कळवतात. म्हणजे दवंडी आणि करपल्लवी एकत्र. २००३ साली अमेरिकेत सरकारी इमारतींसाठीही ही रीत कायद्यानं आली.

आपल्याकडे हरवलेल्यांचा पुकारा त्याहून जुना आहे, फक्त तो दुकानात नाही, यात्रेत झाला. अलाहाबादच्या मेळ्यात १९४६ साली राजाराम तिवारी यांनी पत्र्याचा भोंगा तोंडाला लावून हरवलेल्या माणसांची नावं पुकारायला सुरुवात केली. त्यातून 'भूले-भटके शिबिर' उभं राहिलं. तिवारी २०१६ साली वारले, शिबिर चालू राहिलं. पंढरपूरची वारी असो की आपल्या शेजारची, लोहा तालुक्यातली माळेगावची खंडोबाची यात्रा, स्पीकरवरचा असा पुकारा तुम्ही ऐकलाच असेल: "अमक्या गावच्या अमक्या बाई जिथे असतील तिथून चौकीपाशी या, तुमचे घरचे वाट बघतायत."

गर्दी आणि दार

दुसरा धोका गर्दीचा. २६ जानेवारी २००६ ला बिग बझारनं पहिल्यांदा 'सबसे सस्ता दिन' काढला. लोक असे लोटले की काही दुकानांना मधेच शटर ओढावं लागलं आणि पोलीस बोलवावे लागले. अमेरिकेत २८ नोव्हेंबर २००८ ला तर भयंकर घडलं. न्यूयॉर्कजवळच्या एका वॉलमार्टचं दार पहाटे गर्दीनं मोडलं आणि दारावर उभा केलेला एक हंगामी कामगार तुडवला जाऊन मेला.

त्यानंतर तिथल्या कामगार सुरक्षा खात्यानं दुकानांसाठी सूचना काढल्या. त्यातल्या दोन आपल्या विषयाच्या. एक, दार आता उघडणार आहे हे आतल्या सगळ्या कर्मचाऱ्यांना आधी कळलं पाहिजे. दोन, बाहेर रांगेत उभ्या असलेल्यांनाही वेळोवेळी माहिती मिळत राहिली पाहिजे. पुन्हा तेच. आतल्यांसाठी एक आवाज, बाहेरच्यांसाठी दुसरा, आणि दोघांत एकच माहिती. मांढरदेवीला २५ जानेवारी २००५ रोजी चेंगराचेंगरीत शेकडो जीव गेले, तो दिवस महाराष्ट्र विसरलेला नाही. गर्दीत मागच्याला पुढचं दिसत नाही. तो ढकलत राहतो, कारण पुढे काय चाललंय हे त्याला कुणी सांगितलेलं नसतं.

कानात वायर कुणाच्या?

शेवटची गोष्ट. त्या दुसऱ्या आवाजाच्या टोकाला कोण उभं असतं?

गंगाखेडचा डोंगरी भाग ऊसतोडीला जाणाऱ्यांचा. त्याच भागातली बरीच पोरं आता पुण्याकडे सिक्युरिटीत आणि मॉलमध्ये लागतात. बारा-बारा तास उभं राहायचं, कानात सतत कुणीतरी बोलत असतं. "दोन नंबर गेटला बघ." "त्या माणसावर लक्ष ठेव." आणि कधी कधी "तो माणूस" म्हणजे धोतर-टोपीतला, हातात कापडी पिशवी घेऊन लेकाकडे शहरात आलेला एखादा म्हातारा असतो. गार्डच्या आज्ज्यासारखाच.

दवंडी ज्याच्याबद्दल असते त्यालाही ऐकू येते. तो उलट बोलू शकतो. कानातल्या वायरमधला आवाज ज्याच्याबद्दल असतो त्याला कधीच कळत नाही. म्हणून त्या आवाजाची जबाबदारी मोठी. यंत्र चांगलं की वाईट हा प्रश्नच नाही, त्यावर काय बोलायचं हे माणूस ठरवतो.

तर मंडळी, एक छोटं काम. पुढच्या वेळी लेकराला घेऊन मोठ्या दुकानात किंवा यात्रेत गेलात, तर त्याला आधी सांगून ठेवा: हरवलास तर दाराबाहेर जायचं नाही, गणवेशातल्या माणसाला किंवा काउंटरवरच्या ताईला गाठायचं आणि आपलं नाव, गाव सांगायचं. तुम्हीही त्याच्या अंगावर कोणत्या रंगाचे कपडे आहेत ते लक्षात ठेवा. पुकारा करणारा पहिल्यांदा तेच विचारतो.

तुमच्या गावच्या बाजारात दवंडी कोण द्यायचं, पुकारा कसा व्हायचा, हे जरूर कळवा. भेटू पुढच्या भागात. राम राम.