वंगणाचा नळा आणि जीपचे चाक

गेल्या वैशाखातली गोष्ट सांगतो. भातसानगरला घराच्या अंगणात मी माझी जुनी जीप जॅकवर चढवून पुढचं चाक उतरवीत बसलो होतो. जीप १९६८ सालची आहे, म्हणजे माझ्यापेक्षा वयाने मोठी. शेजारच्या पाड्यावरचे एक म्हातारबाबा काठी टेकीत आले, ओट्यावर बसले आणि थोडा वेळ नुसते पाहत राहिले. मग म्हणाले, "काय मास्तर, वंगण घालता का?"

मी म्हटलं, "नाही आबा, बेअरिंगमध्ये ग्रीस भरतोय."

"तेच ते," आबा म्हणाले. "वंगणच की!"

मी इतिहास शिकवणारा माणूस. आबांचं 'तेच ते' माझ्या डोक्यातून जाईना. पुढे थोडं वाचलं, थोडं तपासलं, आणि लक्षात आलं की आबा बरोबर बोलले होते. निदान बारा आणे तरी बरोबर!

आपला शहापूर-मुरबाडचा मुलूख सह्याद्रीच्या पायथ्याचा. आज शहापुरावरून आग्रा रस्ता कसाऱ्याचा घाट चढतो आणि मुरबाडावरून नगरचा रस्ता माळशेज चढतो. पण जुन्या काळी घाटातून चाक वर जात नव्हतं. वैशाखऱ्याजवळून नाणेघाट चढून पाहा. सातवाहनांच्या काळची, म्हणजे सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीची वाट आहे. वर गुहेत नागनिका राणीचा लेख आहे आणि जकातीचा म्हणून दाखवतात तो दगडी रांजण आहे. मात्र वाट आहे पायऱ्यांची. कल्याण बंदरातला माल जुन्नरला जायचा तो बैलांच्या पाठीवरून. पाठाळ बैलाला वंगण लागत नाही, त्याला पेंड लागते. घाटातून गाडीरस्ते झाले ते इंग्रजी अमलात. खंडाळ्याच्या बोरघाटाचा गाडीरस्ता गव्हर्नर माल्कम याच्या कारकिर्दीत १८३० साली खुला झाला, आणि मग एकेका घाटात चाक चढू लागलं.

गाडी आली तसं वंगण आलं. आपल्यापैकी वडीलधाऱ्या मंडळींना गाडीखाली टांगलेला वंगणाचा नळा आठवत असेल. आमच्या आजोबांच्या गाडीला तो बांबूचा होता. त्यात एरंडेल आणि जाळलेल्या पेंढ्याची काजळी एकत्र खललेली असे. नुसतं तेल आसावरून ओघळून जातं, म्हणून काजळी; ती तेलाला धरून ठेवते. मुलांनो, तुमच्या डब्यातल्या ग्रीसची रचना याहून फार वेगळी नाही. ग्रीस म्हणजे तेल आणि त्याला धरून ठेवणारा एक साबण. स्पंज पाणी धरतो तसा हा साबण तेल धरतो आणि चाक फिरू लागलं की थोडंथोडं सोडतो.

बैलगाडीच्या चाकात लाकडी तुंबा, तुंब्यात लोखंडी नळी, नळीत आस, आणि चाक निसटू नये म्हणून टोकाला खीळ. लोखंडावर लोखंड घासतं, मध्ये फक्त वंगणाचा पापुद्रा. तो संपला की चाक रडायला लागतं, आणि त्या रडण्याचा भार अखेर बैलाच्या खांद्यावर जातो.

आगगाडीचंही आरंभी हेच होतं. आपल्या भागात वाशिंदपर्यंत रूळ आले १८५५ साली, कसाऱ्यापर्यंत १८६१ साली, आणि थळघाट ओलांडून इगतपुरीला गाडी पोचली १८६५ साली. सदतीस फुटांना एक फूट असा तो चढ. त्या डब्यांच्या आसांना गोळ्या नव्हत्या आणि रूळही नव्हते. पितळी ठोकळ्याखाली आस फिरायचा आणि खालून तेलात भिजवलेला कापसाचा बोळा त्याला तेल पाजायचा. बोळा सुकला की आस तापे, धूर येई आणि गाडी थांबवावी लागे. आबांचा नळा आणि रेल्वेचा बोळा ही सख्खी भावंडं!

आता गोळ्यांकडे येऊ. घासण्याऐवजी मध्ये गोळ्या घालून चाक लोळवावं, ही युक्ती मोटारीसाठी निघाली असं पुष्कळांना वाटतं. तसं नाही. १७९४ साली वेल्समधल्या फिलिप व्हॉन याने आसात गोळ्या बसवण्याचं पेटंट घेतलं, ते घोडागाडीसाठी. आणि माझ्या जीपच्या चाकात जी निमुळत्या रुळांची बेअरिंग आहेत, त्यांचं पेटंट १८९८ सालचं, हेन्री टिमकेन याचं. हा टिमकेन होता कोण? अमेरिकेतल्या सेंट लुईस शहरातला बग्ग्या बनवणारा कारागीर! गाडी वळणावर वळली की चाकावर नुसता वरून भार येत नाही, बाजूनेही रेटा येतो. आपल्या बैलगाडीत तो रेटा खीळ सोसते आणि झिजते. टिमकेनने रूळ एका टोकाला निमुळते केले आणि तिरके बसवले. अशी दोन बेअरिंगं एका तुंब्यात समोरासमोर बसवली की वरचा भार आणि बाजूचा रेटा दोन्ही पेलले जातात. गाडीवाल्याने गाडीसाठी शोधलेली ही वस्तू मोटारवाल्यांनी उचलली.

आपल्याकडे महिंद्रांनी मुंबईत विलिज जीप जोडायला सुरुवात केली १९४७ साली. धरणांच्या कामांवर, जंगल खात्यात, कच्च्या रस्त्यांवर ती सर्वत्र दिसू लागली. रबरी टायरची बैलगाडी आली तिच्याही तुंब्यात बेअरिंग बसली. तेव्हा शेतकऱ्याला बेअरिंग परकी आहे असं कोणी म्हणू नये.

सरकारने २०२१ साली नियम करून पन्नास वर्षांवरच्या, मूळ रूपातल्या खाजगी गाड्यांना 'व्हिंटेज' अशी वेगळी नोंदणी दिली. छान झालं. पण नोंदणीने चाक फिरत नाही. नव्या मोटारींची बेअरिंगं कारखान्यातच सीलबंद होऊन येतात; बिघडली की काढा आणि नवी घाला. जुन्या गाडीचं तसं नाही. तिचं बेअरिंग उघडायचं, धुवायचं, पुन्हा भरायचं आणि बेतानं आवळायचं असतं. हे हातचं काम करणारा मिस्त्री आता शोधावा लागतो.

बेतानं आवळणं म्हणजे काय, ते मी चुकून शिकलो. तीन वर्षांपूर्वी मी पहिल्यांदाच स्वतः बेअरिंग भरलं आणि चाक हलू नये म्हणून नट अंगातलं बळ लावून आवळला. चाक हलत नाही, म्हणजे काम पक्कं, अशी माझी समजूत. मागे माझी मुलगी आणि तिच्या दोन मैत्रिणी बसल्या होत्या, माळशेजला निघालो होतो. टोकावड्याच्या पुढे करपल्याचा वास आला. उतरून तुंब्याला हात लावला तो चटका बसला. घाटाच्या चढाला लागण्याआधी हे कळलं, नाहीतर उतारावर काय झालं असतं याचा विचार मी अजून टाळतो. बेअरिंग काढलं तेव्हा रूळ निळे पडले होते. पोलाद निळं पडलं की त्याचा कस गेला. ते धुऊन परत घालायचं नसतं, फेकायचं असतं.

कारण साधं आहे. चाक फिरलं की तापतं आणि तापलं की लोखंड फुगतं. त्या फुगण्याला जागा हवी. म्हणून चाक हाताने फिरवत फिरवत नट आवळायचा, चाक जड झालं की थांबायचं, आणि मग नट फेऱ्याचा सहावा हिस्सा मागे घ्यायचा. माझ्या जीपचं हे माप आहे. तुमच्या गाडीचं तिच्या पुस्तकात पाहा. मग कुलपी वायसर घालून बाहेरचा नट घट्ट करायचा, वायसरची कड नटावर वळवायची आणि चाक पुन्हा फिरवून पाहायचं.

इथे आबांचं आणि माझं जमलं नाही. "चाक जरा डुललं पाहिजे," ते म्हणाले. बैलगाडीत ते खरं आहे, तिथे बोटभर खेळ चालतो. जीपमध्ये एवढा खेळ ठेवला तर रूळ आदळून फुटतील. इथला खेळ कागदाच्या जाडीइतकाही नसतो. डोळ्याला दिसत नाही, चाक वर-खाली धरून हलवलं तर हाताला जेमतेम जाणवतो.

बाकीचं काम धीराचं आहे. जॅकच्या भरवशावर गाडीखाली हात घालू नये; खाली भक्कम लाकडी ठोकळे लावावे आणि उरलेल्या चाकांना दगड. जुन्या ब्रेकच्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असे, ती धूळ फुंकायची नाही, ओल्या फडक्याने टिपायची. बेअरिंग रॉकेलमध्ये धुवावं आणि पूर्ण सुकू द्यावं. हवेच्या नळीने गरगर फिरवून सुकवण्याची हौस करू नये. कोरडे रूळ त्याने खरवडतात. रूळांवर खड्डे किंवा निळसर छटा दिसली तर नवं आणावं. मग तळहातावर ग्रीसचा गोळा घेऊन बेअरिंगची रुंद कड त्यावर दाबत राहावं. दुसऱ्या बाजूने रूळांमधून ग्रीसचे किडे वर आले की भरलं. तेलाचं सील नवंच घालावं, ते स्वस्त असतं.

ग्रीस कोणतं, हेही पाहावं. पूर्वी दोन प्रकार मिळत. चुन्याच्या साबणाचं पाण्याला टिके पण उष्णतेला विरघळे. सोड्याच्या साबणाचं उष्णतेला टिके पण पाण्यात धुऊन जाई. आपल्या कोकणातल्या पावसात दोन्ही अपुरी. १९४० च्या दशकात लिथियमच्या साबणाचं ग्रीस निघालं, ते दोन्ही सोसतं. तेच घ्या आणि जुन्यात नवं मिसळू नका.

आणि ओढ्यातून गाडी घालणाऱ्यांसाठी एक गोष्ट. तापलेला तुंबा थंड पाण्यात शिरला की आतली हवा आकसते आणि झिजलेल्या सीलमधून पाणी आत ओढलं जातं. म्हणून काळू किंवा शाई नदीच्या काठच्या माणसाने पावसाळा संपला की चाक एकदा उघडून पाहावं. ग्रीस दुधासारखं पांढरट झालं असेल तर पाणी आत गेलं आहे.

त्या दिवशी काम संपायला दुपार झाली. मी चाक हाताने ढकललं, ते आवाज न करता कितीतरी वेळ फिरत राहिलं. आबांनी कान लावून ऐकलं आणि विचारलं, "किती दिवस चालेल?" मी म्हटलं, "पुढच्या वैशाखापर्यंत." मग दोघं जीपमध्ये बसून शहापूरला चहाला गेलो. टपरीपुढे उतरल्यावर आबांनी वाकून तुंब्यावर तळहात ठेवला, आणि मीही ठेवला. कोमट होता.