माळावरचा निकाल

9 नोव्हेंबर 2025. सांगली जिल्ह्यातल्या बोरगावच्या माळावर ‘श्रीनाथ केसरी’ मैदानाचा फायनलचा फेरा सुटला आणि निशाणाला पहिली गाडी लागली ती ‘हेलिकॉप्टर बैज्या’ आणि ‘ब्रेक फेल’ या जोडीची. पहिलं बक्षीस फॉर्च्युनर. डबल महाराष्ट्र केसरी पैलवान चंद्रहार पाटील यांनी भरवलेलं हे मैदान. त्यांनीच 2023 मध्ये खानापूर तालुक्यातल्या भाळवणीत ‘रुस्तम-ए-हिंद’ मैदान भरवून थार गाडी लावली होती, तेव्हाच लोकांनी तोंडात बोटं घातली होती. आता तर बैलांची नावंच यंत्रांच्या भाषेतली आणि बक्षिसालाही मोटारच.

हा निकाल गावोगावच्या मोबाइलवर काही मिनिटांत पोचला. पण त्याच्या मागे जी वाट आहे ती इतक्या लवकर सांगून होणारी नाही. त्या निकालाच्या चारच वर्षं आधी याच जिल्ह्यात बैल छकड्याला जुंपून पळवणं हा गुन्हा होता. सातारा-सांगलीच्या बैलगाडी मैदानाची ही वाटचाल कुणीतरी सलग लिहून ठेवायला हवी. निकाल लोकांच्या तोंडी राहतात, वाट मात्र विसरली जाते.

खटाव तालुक्यातलं पुसेगाव हे या वाटेवरचं मोठं ठाणं. डिसेंबरच्या कडाक्याच्या थंडीत सेवागिरी महाराजांची यात्रा भरते. महाराजांच्या रथावर भाविक नोटांच्या माळा चढवतात, खिलार जनावरांचा बाजार भरतो आणि यात्रेतलं बैलगाड्यांचं मैदान हिंदकेसरी म्हणून ओळखलं जातं. पुसेगावला फायनलमध्ये गाडी राहिली की मालकाच्या दावणीची किंमतच बदलते. ज्या माळावर वर्षानुवर्षं माणसं स्वखर्चानं येतात, पंचांचा शब्द मानतात आणि हरली तरी पुढच्या वर्षी पुन्हा येतात, ती माझ्या लेखी संस्थाच. तिला इमारत नाही, एवढंच.

मैदान चालतं कसं, हे ज्यानं कधी पाहिलं नाही त्याच्यासाठी थोडं सांगतो. आधी टोकन घ्यायचं. मग चिठ्ठ्या पडतात आणि कुठली गाडी कुठल्या गटात, कुठल्या फाटीवरून, म्हणजे पट्ट्यातून, पळणार ते ठरतं. गटातून पहिली येणारी गाडी सेमीला, सेमीतली फायनलला. सकाळी गटात पळालेली तीच जोडी संध्याकाळी फायनलला दम राखून असली पाहिजे. म्हणून जुने जाणकार सकाळी वेग बघत नाहीत. गटाचा फेरा झाल्यावर बैलाची धाप किती वेळात बसते ते बघतात. छकडा हलका, दोन माणसं सहज उचलतील असा. जोडीतले दोन्ही बैल एकाच मालकाचे असतात असंही नाही. एकाचा बैल आतल्या अंगाला चांगला, दुसऱ्याचा बाहेरच्या, मग दोघं मिळून पैरा करतात. कधी एक बैल साताऱ्याचा तर दुसरा सांगलीचा. पैरा जमणं हे सोयरीक जमण्याइतकं अवघड. एक बैल दुसऱ्याच्या अर्धं पाऊल जरी पुढे ओढू लागला तरी गाडी फाटी सोडते आणि सगळी मेहनत मातीत जाते.

सुटायच्या जागेवर बैलांना धरून उभं राहणारी पोरं बघावीत. झेंडा वर असतो, समालोचकाचा आवाज थांबलेला असतो, बैलाच्या मानेची शीर थरथरत असते आणि वेसण धरलेल्या पोराची नजर झेंड्यावर. झेंडा पडला की त्यानं हात सोडून बाजूला व्हायचं. क्षणभर उशीर झाला तर गाडी मागे आणि पोरगं चाकाखाली. ड्रायव्हर छकड्यावर वाकून, कासरा मुठीत, तोंडानं नुसता आवाज. बघता बघता फेरा संपतो. त्यासाठी वर्षभर बैलाला पहाटे उठून फिरवायचं, तळ्यात पोहायला घालायचं, शाळूचा कडबा निवडून घालायचा, दूध-अंडी पाजायची. घरात पोराला दूध कमी पडलं तरी बैलाची चरवी चुकत नाही, अशी घरं मी माणदेशात पाहिली आहेत.

हा नाद इथेच का रुजला, याचं उत्तर जमिनीत आहे. माण, खटाव, आटपाडी, जत, पलीकडे सांगोला. पाऊस कमी, माळ लांबच लांब, गवत आखूड. या मुलखात जे जनावर टिकलं ते खिलार: पांढरं, ताठ, लांब निमुळत्या शिंगांचं, कमी चाऱ्यावर उन्हातान्हात पाय उचलणारं. आटपाडी महाल हा पूर्वी औंध संस्थानात होता आणि खिलारच्या एका नामांकित वाणाला आजही त्याच महालाचं नाव आहे. दुसरा वाण म्हसवडचा. खरसुंडीच्या सिद्धनाथाच्या यात्रेत या जनावरांचा बाजार भरतो, तिथे कर्नाटकातूनही गिऱ्हाईक येतं. खिलार गाय दूध थोडं देते. तिला दारात ठेवायची ती तिच्या पोटी येणाऱ्या खोंडासाठी. शेतात ट्रॅक्टर आला तसं त्या खोंडाचं औताचं काम गेलं. उरलं ते मैदान. शर्यत गेली तर खिलार गाय सांभाळायला कारणच उरत नाही, हे गणित इथल्या शेतकऱ्याला कुणी शिकवायला लागलं नाही.

तरीही बंदी उगीच आली नाही, हे सरळ मान्य केलं पाहिजे. पूर्वी मैदानात जे चालायचं त्यातलं बरंच लाजिरवाणं होतं. पराणीची आर टोचणं, शेपटी पिरगळणं, चावणं, चाबकानं पाठ सोलणं, बॅटरीचा झटका देणं. सीमाभागात डांबरी रस्त्यावर कित्येक किलोमीटर पळवायच्या शर्यती व्हायच्या. दमाची परीक्षा म्हणून त्यांचं कौतुक व्हायचं, पण खुरं घासून रक्ताळलेले बैलही लोकांनी पाहिले आहेत. जनावरावर जीव आहे म्हणणाऱ्या माणसांनीच हे केलं आणि बाकीच्यांनी होऊ दिलं.

11 जुलै 2011 रोजी केंद्र सरकारच्या अधिसूचनेनं बैलाला वाघ, सिंह, अस्वल, माकड यांच्या यादीत बसवलं, म्हणजे ज्यांचे खेळ करता येत नाहीत अशा प्राण्यांत. 2012 मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं ती बंदी उचलून धरली. आणि 7 मे 2014 रोजी सर्वोच्च न्यायालयानं तामिळनाडूचा जल्लीकट्टू आणि महाराष्ट्रातल्या बैलगाडी शर्यती, दोन्ही एकाच निकालात बंद केल्या. मैदानाच्या आजवरच्या वाटचालीतला सर्वांत मोठा निकाल हाच.

पुढची सात वर्षं मोठी वाईट गेली. यात्रा भरायच्या, मैदान रिकामं राहायचं. पळणारा बैल दारात उभा राहून जड झाला. चोरून शर्यती व्हायच्या, उजाडायच्या आत, आडरानात, ना डॉक्टर ना पंच. बंदीनं क्रूरता थांबवायची होती, ती कुणाला दिसणार नाही अशा जागी गेली. पोरांवर गुन्हे दाखल झाले. गाई विकल्या गेल्या. ज्या घरात तीन पिढ्या खिलार होती तिथे संकरित गाय आली, दुधाचे पैसे आले. त्यांना दोष कोण देणार?

2017 च्या जानेवारीत जल्लीकट्टूसाठी तामिळनाडू रस्त्यावर उतरला आणि तिथल्या सरकारला कायदा करावा लागला. एप्रिलमध्ये महाराष्ट्राच्या विधिमंडळानंही केंद्राच्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यात राज्यापुरती दुरुस्ती केली, राष्ट्रपतींची संमती मिळाली, नियमही तयार झाले. पण उच्च न्यायालयानं परवानग्या देण्यास मनाई केली आणि 2018 मध्ये सगळा प्रश्न सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाकडे गेला. कायदा होता, शर्यत नव्हती. ऑगस्ट 2021 मध्ये आटपाडी तालुक्यातल्या झरे परिसरात आमदार गोपीचंद पडळकर यांनी जमावबंदी मोडून पहाटे शर्यत घेतली. नियम मोडल्याचं समर्थन मी करणार नाही, पण त्या पहाटेनंतर हा विषय गावाच्या पारावरून राज्याच्या राजकारणात गेला, हे खरं.

16 डिसेंबर 2021 रोजी सर्वोच्च न्यायालयानं महाराष्ट्राला अंतिम निकालाच्या अधीन राहून परवानगी दिली. जानेवारी 2022 च्या सुरुवातीला कवठेमहांकाळ तालुक्यातल्या नांगोळे इथे रीतसर परवानगीनं मैदान झालं, राज्यातल्या अगदी पहिल्या मैदानांपैकी एक. त्याच वर्षी जनावरांच्या लम्पी रोगाची साथ आली, बाजार आणि शर्यती पुन्हा थांबल्या. 18 मे 2023 रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठानं तामिळनाडू, कर्नाटक आणि महाराष्ट्र या तिन्ही राज्यांचे कायदे वैध ठरवले, अट एकच: नियम कागदावर राहता कामा नयेत.

ते नियम मैदानाच्या भल्याचेच आहेत. जिल्हाधिकाऱ्यांची आधी परवानगी. पशुवैद्यकाची तपासणी. चाबूक, काठी, पराणी, विजेचा झटका यांतलं काहीही नाही. धाव 1000 मीटरच्या आत. मोडलं तर पाच लाखांपर्यंत दंड किंवा तीन वर्षांपर्यंत कैद. लांब पल्ल्याच्या रस्त्यावरच्या शर्यती या नियमानं संपल्या, आणि त्या संपल्या ते बरंच झालं. दम बघायचा तर गट, सेमी, फायनल या क्रमात तो दिसतोच.

इथे मला फ्रान्समधल्या ल मान्सची आठवण येते. मोटारींची चोवीस तासांची ती शर्यत 1923 मध्ये सुरू झाली, ती रोजच्या वापरातल्या गाडीचा टिकाऊपणा पारखायला. नुसता वेगवान असून तिथे भागत नाही. दिवे, ब्रेक, इंजिन सगळं रात्रभर टिकलं पाहिजे. वेगवेगळ्या वर्गातल्या गाड्या एकाच रस्त्यावर पळतात, निकाल मात्र वर्गवारही लागतो, आपल्याकडे आदत (दुधाचे दात न पडलेले खोंड) आणि ओपन वेगळे असतात तसा. 1953 मध्ये जॅग्वारनं डिस्क ब्रेकच्या जोरावर ती शर्यत जिंकली आणि पुढे तेच ब्रेक साध्यासुध्या गाड्यांना आले. शर्यतीत जे सिद्ध झालं ते रस्त्यावरच्या माणसाला मिळालं. त्या शर्यतीचा मोठेपणा मला यात वाटतो.

आपल्या मैदानातून साध्या शेतकऱ्याच्या गोठ्यात काय पोचतं? फॉर्च्युनर एकाच दारात जाते. जिंकलेल्या बैलाची किंमत लाखांत बोलली जाते, समाजमाध्यमांवर त्याची गाणी होतात, वाढदिवसाचे फलक लागतात. त्याला जन्म देणारी गाय कुठल्या गावात, कुणाच्या दारात आहे, हे समालोचकाच्या तोंडी क्वचितच येतं. खोंड कोवळा असताना बाजारात विकून टाकणारा माणदेशी पशुपालक या सगळ्या झगमगाटात कुठेच नाही. आणि खिलार टिकवली आहे ती त्यानं. न्यायालयात आपण काय सांगितलं होतं? शर्यत टिकली तर देशी वाण टिकेल. न्यायालयानं कायदा मान्य केला. तो शब्द खरा करणं आता आपल्याकडे लागलं.

मोठ्या बक्षिसांना माझा विरोध नाही. पैलवानाला चांदीची गदा मिळते तसं गाडीमालकाला वाहन मिळालं तर बिघडलं कुठे? पण बक्षीस वाढलं की लोभ वाढतो, आणि लोभ वाढला की झाकलेल्या मुठीत पुन्हा आर येते. गर्दी हजारांवर गेली की फाटीच्या कडेला उभ्या माणसांचाही जीव धोक्यात येतो. एका मैदानात काठी चालली आणि तिची चित्रफीत दिल्लीपर्यंत गेली, तर पुसेगावपासून नांगोळ्यापर्यंत सगळ्यांचं मैदान पुन्हा बंद होईल. तेव्हा नियम पाळणाऱ्यालाही कुणी वेगळं काढणार नाही.

म्हणून यात्रा कमिट्यांना, आयोजकांना आणि गाडीमालकांना हात जोडून तीन गोष्टी मागतो. निकाल लिहिताना गाडीमालक आणि ड्रायव्हर यांच्या शेजारी बैलाचं वय, वाण, त्याची गाय कुठल्या गावची आणि खोंड कुणी वाढवला, हेही लिहा. बक्षिसाचा एक ठरलेला हिस्सा त्या पाळणाऱ्याला द्या. आणि ज्या गाडीवर काठी, आर किंवा झटका सापडेल ती, फायनल जिंकलेली असली तरी, पंचांनी तिथल्या तिथे बाद करावी; मग मालक कितीही मोठा असो. येत्या हंगामाच्या टोकनाच्या कागदावरच या तीन ओळी छापा.