आधी पिंग, मग दोष

आजची गोष्ट एका छोट्या प्रोग्रामच्या इतिहासाची आहे, पण सुरुवात आमच्या सोसायटीपासून करतो.

आम्ही जालहळ्ळीजवळ राहतो. सैन्याला लागणारी इलेक्ट्रॉनिक उपकरणं देशातच बनावीत म्हणून १९५४ साली भारत इलेक्ट्रॉनिक्सची स्थापना झाली, ती याच भागात. त्यामुळे आमच्याकडे मजल्यागणिक एक निवृत्त इंजिनियर सापडतो. गेल्या दिवाळीच्या सुट्टीत मुलांनी क्लबहाउसमध्ये सात संगणक एका स्विचला जोडून खेळ मांडला. त्यातलाच एक संगणक सर्व्हर. इंटरनेटचा संबंध नाही, सगळा कारभार एका खोलीत. तरीही एका मुलाचा गडी पडद्यावर उड्या मारत होता. आत्ता भिंतीआड, तर पुढच्या क्षणी समोर! माझा नातू सगळ्यांसमोर ओरडला, "हा चीटिंग करतोय!" त्या पोराचे डोळे भरून आले. इंजिनियर मंडळींचे सल्ले सुरू झाले : राउटर बदला, इंटरनेट कंपनी बदला. मी म्हटलं, थांबा. आधी पिंग करू.

पिंग म्हणजे काय? एका संगणकाने दुसऱ्याला हाक मारायची आणि 'ओ' यायला किती वेळ लागला ते मोजायचं. अशी व्यवस्था इंटरनेटच्या नियमांत १९८१ पासून होती. तिचा उपयोग करून घेतला माइक म्यूस यांनी. ते अमेरिकन लष्कराच्या बॅलिस्टिक रिसर्च लॅबोरेटरीत काम करत. डिसेंबर १९८३ मध्ये तिथलं नेटवर्क विचित्र वागू लागलं, तेव्हा त्यांनी एका रात्रीत सुमारे हजार ओळींचा प्रोग्राम लिहिला. पाणबुडी शोधणाऱ्या सोनारचा आवाज पाण्यात जातो, आदळून परत येतो. त्या आवाजावरून नाव ठेवलं पिंग. गंमत म्हणजे पहिली हाक मारण्याआधीच त्यांच्या सहकाऱ्याने यंत्रातला बिघाड शोधून दुरुस्तही केला होता!

पुढे म्यूस यांना एका नेटवर्क सांभाळणाऱ्याने आपला किस्सा सांगितला. त्याच्या इमारतीत जोडणी मधूनच तुटायची. त्याने पिंगचं प्रत्येक उत्तर स्पीकरवरून मोठ्याने वाजेल अशी सोय केली आणि इमारतभर फिरत एकेक कनेक्टर हलवून पाहिला. ज्या कनेक्टरपाशी आवाज थांबला, तिथे दोष.

मंडळी, हे ऐकलं की मला आमची लाइन पार्टी आठवते. फील्ड टेलिफोनची तार तुटली की सिग्नलचे जवान तार हातात धरून चालत निघायचे. मध्यावर फोन जोडून दोन्हीकडे हाक द्यायची. जिकडून उत्तर नाही, तो अर्धा भाग तपासायचा. पुन्हा त्याचे दोन भाग. सिग्नल कोअरचं ब्रीदवाक्यच आहे 'तीव्र चौकस'. मी तरुण कॅप्टन असताना एका रात्रीच्या सरावात लाइन सारखी तुटत होती. मी एका नाईकाला सगळ्यांसमोर फैलावर घेतलं. "झोपला होतास?" तो काही बोलला नाही. फोन घेऊन अंधारात गेला आणि तासाभराने परतला. तारेवरून ट्रक गेला होता. तो ट्रक मीच पाठवला होता.

क्लबहाउसमध्ये तेच केलं. सगळ्या संगणकांवरून सर्व्हरला शंभर-शंभर हाका मारल्या. बाकीच्यांना एका मिलिसेकंदात उत्तर मिळत होतं आणि एकही हाक हरवत नव्हती. त्या मुलाच्या शंभरातल्या चौदा हाका वाया गेल्या. केबल पाहिली, तर प्लगची प्लास्टिकची खिट्टी तुटलेली. टेबलाला धक्का लागला की प्लग सैल व्हायचा. गड्याच्या हालचालीची खबर सर्व्हरपर्यंत तुटक पोहोचायची, म्हणून तो इतरांना उड्या मारताना दिसायचा. केबल बदलली आणि उड्या थांबल्या.

पण अर्ध्या तासाने सगळ्यांचाच खेळ अडखळू लागला. पिंग दोनशे मिलिसेकंदांवर! आता तार ठीक होती. मग काय? एक जण सर्व्हरवरून भलीमोठी फाइल आपल्या लॅपटॉपवर उतरवत होता. एकाच वाटेवर गर्दी झाली होती आणि खेळाचे छोटे संदेश रांगेत अडकले होते.

याचाही इतिहास आहे. ऑक्टोबर १९८६ मध्ये कॅलिफोर्नियात बर्कलीची प्रयोगशाळा आणि तिथलं विद्यापीठ यांच्यातला वेग सेकंदाला ३२ हजार बिट्सवरून ४० बिट्सवर घसरला. अंतर जेमतेम ४०० यार्ड! तार शाबूत होती. संदेश हरवला की प्रत्येक यंत्र तो पुन्हा पाठवायचं आणि गर्दी आणखी वाढायची. व्हॅन जेकबसन यांनी १९८८ मध्ये उपाय मांडला : सुरुवात हळू करा, संदेश हरवला तर आपला वेग आधी कमी करा. आजही इंटरनेट मोठ्या प्रमाणावर याच शिस्तीवर चालतं.

तेव्हा घरी खेळ अडखळला तर क्रम लक्षात ठेवा. एकाचाच अडतोय की सगळ्यांचा? एकाचा असेल तर त्याची केबल, मग स्विचचा पोर्ट बदलून पाहा. सगळ्यांचा असेल तर सर्व्हर आणि त्याच्या वाटेवरची गर्दी पाहा. एका वेळी एकच गोष्ट बदला, नाहीतर गुण कशाने आला ते कळणार नाही.

फाइल थांबवली, खेळ पुन्हा रंगला. नातू उठला, त्या मुलापाशी गेला आणि "सॉरी यार" म्हणून त्याच्या शेजारीच बसला. एवढं सोपं होतं ते. त्या रात्री मी नाईकाला नुसतं "ठीक है" म्हणालो होतो. पुढच्या महिन्यात त्याची बदली झाली.

भेटू पुढच्या भागात. जय हिंद.