उसनी आई : बदकाची अंडी आणि खुडूक कोंबडी

इतिहासाच्या व्याख्यानाला यायचं आणि बदकाची अंडी उबवण्यावर ऐकायचं, हे काहींना विचित्र वाटेल. राजे, लढाया, तह यांच्यावर बोलणारे पुष्कळ आहेत. पण घरात पुढची पिढी तयार करण्याचं साधन कोणाच्या हातात होतं आणि ते कोणाच्या हातात गेलं, हाही इतिहासाचाच प्रश्न आहे. धानोऱ्यासारख्या भागात, जिथं धानाच्या बांध्या आहेत, बोड्या आहेत आणि अंगणात कोंबड्या आहेत, तिथं हा प्रश्न जरा जवळून दिसतो.

सुरुवात एका साध्या गोष्टीपासून करू. पाळीव बदक अंडी भरपूर घालतं, पण बहुधा त्यांच्यावर बसत नाही. आपली बहुतेक पाळीव बदकं ज्या रानबदकापासून आली, त्याची मादी गवतात घरटं करते, स्वतःच्या छातीची पिसं उपटून त्यात अंथरते आणि सुमारे चार आठवडे बसते. मग पाळीव बदकाचं असं का झालं? कारण माणसानं तसं करून घेतलं. बसलेली मादी अंडी देणं थांबवते. पाळणाऱ्याला अंडी हवी असतात, म्हणून जी मादी बसत नाही तिचीच पिल्लं तो पुढे वाढवतो. असं पिढ्यान् पिढ्या केलं की अंडी वाढतात आणि बसण्याची सवय निघून जाते. मस्कोव्ही नावाचं दक्षिण अमेरिकेतलं बदक याला अपवाद. त्याची जात वेगळी, ते नीट बसतं आणि त्याची अंडी फुटायला ३५ दिवस लागतात.

आता जी आई बसत नाही, तिची पिल्लं कशी काढायची? गावानं उत्तर शोधलं : आई उसनी घ्यायची. खुडूक बसलेली देशी कोंबडी घ्यायची आणि तिच्याखाली बदकाची अंडी ठेवायची. ही कोंबडी रानकोंबडीची लेक. रानकोंबडी आजही जंगलात जमिनीवर पाल्यात पाच-सहा अंडी घालून बसते. तिची ती सवय अंगणातल्या कोंबडीनं टिकवली. आपण तिला खुडूक म्हणतो तेव्हा ती खाणं कमी करते, अंग फुगवते, जवळ गेलं की गुरगुरते. तिच्या शरीरातला प्रोलॅक्टिन नावाचा स्राव वाढलेला असतो.

हे काम वाटतं तितकं सोपं नाही. कोंबडीची अंडी २१ दिवसांत फुटतात, बदकाची २८ दिवसांत. म्हणजे कोंबडीला स्वतःच्या हिशोबापेक्षा एक आठवडा जास्त बसवायचं. बदकाचं अंडं मोठं, म्हणून जिच्याखाली दहा-बारा कोंबडीची अंडी मावतात, तिच्याखाली बदकाची सहा-आठच ठेवायची. अंडं जड असल्यानं ते फिरवायला तिला त्रास होतो, तेव्हा ती दाणे टिपायला उठली की आपण हातानं फिरवायची. बदकाची मादी पाण्यातून ओली होऊन येते आणि अंड्यांना ओल मिळते. कोंबडी कोरडी. म्हणून शेवटच्या दिवसांत अंड्यांवर कोमट पाण्याचा हलका शिडकावा करायचा. आठवड्यानंतर अंधारात अंडं बॅटरीच्या उजेडासमोर धरायचं : आत लाल शिरांचं जाळं दिसलं तर जीव आहे, नुसतं स्वच्छ दिसलं तर अंडं काढून घ्यायचं.

अनेक गावांत रवणात लोखंडाचा तुकडा किंवा कोळसा ठेवतात, विजेच्या कडकडाटानं अंडी बिघडू नयेत म्हणून. लोखंडानं वीज अडत नाही. पण वादळी दिवसांत रवणं फसतात, हे बायकांनी पाहिलेलं होतं. त्या दिवसांत उकाडा, दमटपणा, गळकं छप्पर असं सगळं एकदम येतं. निरीक्षण खरं होतं, कारण चुकीचं जोडलेलं होतं. हे सगळं ज्ञान बहुतेक बायकांचं, आणि महसुलाच्या दप्तरात त्याला रकाना नव्हता. तिथं शेतसारा लिहिला जाई, तलाव लिहिला जाई. अर्ध्या वाट्यानं शेजारणीला दिलेली कोंबडी कोण लिहिणार?

जगात इतरत्र माणसानं कोंबडीशिवायही अंडी उबवली. अ‍ॅरिस्टॉटलनं लिहून ठेवलंय की इजिप्तमध्ये अंडी शेणाच्या उकिरड्यात पुरून उबवत. त्यानं सिराक्यूजच्या एका दारुड्याचीही गोष्ट सांगितलीय : त्यानं चटईखाली अंडी ठेवली आणि ती फुटेपर्यंत तो पीतच बसला! पुढे इजिप्तमध्ये विटांच्या मोठ्या भट्ट्या झाल्या. त्या भट्ट्यांचं ऐकून फ्रान्सच्या रेओम्यूर या शास्त्रज्ञानं प्रयोग केले आणि १७४९ मध्ये त्यावर ग्रंथ छापला. त्याच्याजवळ थर्मामीटर होता. चीनच्या कारागिरांजवळ तो नव्हता. एफ. एच. किंग या अमेरिकी शेतीतज्ज्ञानं १९११ च्या आपल्या पुस्तकात नोंदवलंय की ते अंडं डोळ्याच्या खोबणीला लावून उष्णता ओळखत.

आपल्या धानाच्या मुलखाला सगळ्यात जवळची पद्धत बांगलादेशातली. तिथं बदकाची अंडी कापडात बांधून गरम केलेल्या धानाच्या तुसात, बांबूच्या नळकांड्यात ठेवतात. दोनेक आठवडे झाले की आतलं पिल्लू स्वतःची उष्णता निर्माण करू लागतं, आणि जुन्या अंड्यांची ऊब नव्या अंड्यांना देता येते. वीज लागत नाही. तूस आणि बांबू आपल्याकडेही कमी नाहीत.

यानंतरचा टप्पा जास्त अंड्यांचा. इंग्लंडमध्ये ग्लॉस्टरशायरच्या अ‍ॅडेल कॅम्पबेल या बाईंनी इंडियन रनर बदकाच्या संकरातून एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस कॅम्पबेल बदक तयार केलं, त्यातूनच खाकी कॅम्पबेल आलं. गंमत बघा, 'इंडियन' रनर मूळचं इंडोनेशियातलं! खाकी कॅम्पबेल वर्षाला तीनशेच्या घरात अंडी देऊ शकतं, पण बसत मात्र सहसा नाही. व्हाइट लेगहॉर्न कोंबडीचंही तेच. व्यापारी फार्मवर खुडूक होणं हा दोष ठरला. घरीसुद्धा लोक कोंबडीची खुडूक मोडायला तिला पाण्यात बुडवतात. मग परसबागेसाठी वनराजासारखे पक्षी आले. हैदराबादच्या कुक्कुट संशोधन संचालनालयानं तो तयार केला. तो वाढतो लवकर, अंडी देशीपेक्षा जास्त देतो. पण तो खुडूक क्वचितच होतो, आणि संकरित असल्यामुळे त्याची पुढची पिल्लं त्याच्यासारखी निघत नाहीत.

याचा अर्थ नवे पक्षी वाईट असा नाही. मुलांच्या ताटात अंडं येत असेल तर ते चांगलंच. पण हिशोब पूर्ण मांडू या. धानोऱ्यापासून नागपूरचं सरकारी मध्यवर्ती अंडी उबवणी केंद्र सुमारे दोनशे किलोमीटर आहे. घरातली सगळी कोंबडी न बसणारी झाली, तर दर खेपेला पिल्लं बाहेरून आणावी लागतात. साथ आली, पिल्लं मेली, की पुन्हा पैसे. घरची एक खुडूक कोंबडी असेल तर पाच अंड्यांतून पुन्हा सुरुवात करता येते. यंत्रानं ती जागा भरता येते, पण बदकाच्या अंड्यांना २८ दिवस अखंड वीज हवी, आणि पावसाळ्यात आपल्याकडे वीज किती टिकते हे मी तुम्हाला सांगायला नको.

बदकानं बसणं सोडलं तेव्हा कोंबडी होती म्हणून निभावलं. आता कोंबडीनंही ते सोडलं, तर उसनी आई आणायची कुठून? म्हणून माझं म्हणणं एवढंच : नवे पक्षी जरूर घ्या, पण नीट बसणाऱ्या, पिल्लं सांभाळणाऱ्या दोन-तीन देशी कोंबड्या वेगळ्या ठेवा, त्यांचीच वंशावळ पुढे न्या, पाहुण्यासाठी त्या कापू नका. आणि घरातल्या म्हातारीला रवणाबद्दल विचारून ते वहीत लिहून काढा. त्या दप्तरात राहिलेला रकाना तुम्हीच भरू शकता.