झाडीत चालणारा स्वस्त कॅमेरा

वैनगंगेकाठच्या मार्कंड्याच्या देवळांचे जुने फोटो १८७३-७४ सालचे आहेत. ते काढले जोसेफ डेव्हिड बेगलर यांनी. पुरातत्त्व खात्याचे प्रमुख अलेक्झांडर कनिंगहॅम यांचे ते मदतनीस. त्या काळी फोटो काचेवर निघे. काचेला रसायन चोपडायचे, ओली असतानाच ती कॅमेऱ्यात घालायची आणि वाळायच्या आत अंधारात धुवायची. त्यामुळे कॅमेऱ्यासोबत तिवई, बाटल्या, काचांच्या पेट्या आणि अंधार करायला तंबूही न्यावा लागे. चांद्याच्या (चंद्रपूरच्या) रानात एवढा सरंजाम हलवणे सरकारी मोहिमेलाच परवडे.

पाठीवर बोचके टाकून जंगलात शिरणाऱ्या माणसाला परवडेल असा कॅमेरा होता कोडॅकचा ब्राउनी. १९०० साली हा पुठ्ठ्याचा डबा एका डॉलरला, तेव्हाच्या भावाने सुमारे तीन रुपयांना, विकायला आला. कॅमेरा स्वस्त झाला; रोल आणि त्याची धुलाई मात्र प्रत्येक वेळी नव्याने पैसे मागत राहिली. स्वस्त कॅमेऱ्याची किंमत खरी मोजायची ती इथे.

स्वातंत्र्यानंतर आयातीवर बंधने आली आणि मराठी घरांत देशी बनावटीचा अॅग्फा क्लिक थ्री पोचला. बडोद्याच्या न्यू इंडिया इंडस्ट्रीजने बनवलेला हा काळा, हलका कॅमेरा. ना सेलची गरज, ना उजेड मोजायचे यंत्र. सावली बघून रोल भरायचा, मागचे झाकण लावायचे आणि पाठीवरच्या लाल काचेत एकचा आकडा दिसेपर्यंत चावी फिरवायची. बारा फोटो झाले की रोल संपला. निगेटिव्ह सहा बाय सहा सेंटिमीटरची असल्याने तेवढ्याच मापाचा कॉन्टॅक्ट प्रिंट काढला तरी माणूस ओळखू येई आणि मोठ्या प्रिंटचा खर्च वाचे. १९६७पासून उटीच्या हिंदुस्थान फोटो फिल्म्स कारखान्यातला ‘इंदू’ हा देशी कृष्णधवल रोलही निघू लागला.

साठच्या दशकाच्या अखेरीस बाबा आमट्यांनी मूल तालुक्यातल्या सोमनाथला तरुणांची श्रमसंस्कार छावणी सुरू केली. ती भरे ऐन मे महिन्यात. घाम काढणारा हा महिना साध्या कॅमेऱ्याला मात्र मानवणारा होता. क्लिक थ्रीचा शटर सेकंदाचा साधारण पन्नासावा भाग उघडे आणि भिंगाचे तोंड लहान. एवढ्या सामग्रीला लख्ख ऊन लागते. पावसाळ्यानंतर साग, ऐन आणि बांबूच्या दाटीत उजेड इतका उतरतो की चेहरे काळेच येतात. उन्हाळ्यात सागाची पाने झडली की तेच रान मोकळे होते. त्या पिढीच्या सहलींच्या फोटोंत माणसे नदीच्या वाळूत, तलावाच्या पाळीवर नाहीतर भर रस्त्यात ओळीने उभी दिसतात आणि जंगल मागे राहते, यामागे हेच मोठे कारण असावे. कॅमेऱ्याला चालेल तिथे माणसे उभी राहिली.

ऐंशीच्या दशकात ‘खटॅक’ म्हणत आलेला हॉट शॉट, पाठोपाठ याशिका एमएफ-२ आणि नव्वदीत कोडॅक केबी १०, यांनी रंगीत रोलची सवय लावली. याशिकाला फ्लॅश होता आणि तो चाले साध्या पेन्सिल सेलवर. हे सेल किराणा दुकानातही मिळत, आणि गडचिरोलीतल्या कुरखेड्यासारख्या तालुक्याच्या गावाहून रानात जाणाऱ्याला भिंगाच्या गुणांपेक्षा ही सोय मोलाची होती. रोलला उन्हाची झळ लागली की रंग बिघडत आणि पावसाळ्यात भिंगावर बुरशी धरे. म्हणून रोल बोचक्याच्या मधोमध, कपड्यांत गुंडाळून ठेवायचा आणि भिंगाजवळ सिलिका जेलची पुडी ठेवायची, हे शहाणपण होते.

वन्यप्राणी टिपणे मात्र दूरचीच गोष्ट होती. एफ. डब्ल्यू. चॅम्पियन यांनी वाघाच्या वाटेवर तार ताणून वाघाकडूनच त्याचा फोटो काढवला आणि १९२७ साली त्यावर पुस्तक लिहिले. पण ते होते वनखात्याचे अधिकारी. हौशी माणसाच्या आवाक्यात लांबचा पक्षी आला तो डिजिटल सुपरझूममुळे. २०१५चा निकॉन कूलपिक्स पी ९०० हा ८३ पट झूमचा कॅमेरा ९०० ग्रॅमांत बसला. २००० मिलिमीटरच्या तोडीची भिंगे एरवी खांद्यावर वाहून न्यावी लागत. हा पल्ला साधला तो नखाएवढ्या सेन्सरमुळे. क्लिक थ्रीची निगेटिव्ह क्षेत्रफळात त्याच्या शंभरपटीहून मोठी होती. साहजिकच सांज झाली, झाडी दाटली की चित्रात दाणे उमटतात. उजेडाची जुनी अडचण नव्या कॅमेऱ्यातही शिल्लक आहे.

२६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपुरातून वेगळ्या झालेल्या गडचिरोली जिल्ह्यात ऑक्टोबर २०२१मध्ये छत्तीसगडकडून रानटी हत्तींचा कळप उतरला आणि कुरखेड्याच्या बाजूलाही फिरला. एव्हाना मोबाइल घरोघर होता आणि फोटोचा खर्च जवळजवळ शून्यावर आला होता. पण मोबाइलचे भिंग रुंद. त्यात हत्ती मोठा दिसावा म्हणून माणूस पुढे सरकतो आणि तेच जिवावर बेतू शकते. राहुटी घेऊन या भागात निघणाऱ्याने जुन्या बाजारातला का होईना, लांब झूमचा एखादा कॅमेरा, दोन भरलेल्या बॅटऱ्या आणि पाणी न शिरणारी पिशवी एवढ्यावर पैसे घालावेत. फोटो बरा येईलच, आणि माणूस कळपापासून लांब राहील.