राईचा आसरा

इ. स. १९२३ च्या सप्टेंबरची १ ली तारीख. दुपारचे बारा वाजावयास दोन मिनिटें कमी असतां टोकियो शहरास भूकंपाचा प्रचंड हादरा बसला. घरोघर चुली पेटलेल्या, घरें लांकडाचीं, त्यांत वारा सोसाट्याचा. सुमिदा नदीपलीकडील होंजो भागांत लष्करी कपड्यांचें कोठार हलविल्यामुळें एक मैदान मोकळें झालेलें होतें. तेथें सहस्रावधि लोक बिछाने, पेट्या, कपाटें घेऊन धांवले. उघडें मैदान म्हणजे निर्भय जागा, असें कोणासहि वाटलें असतें. परंतु त्या सामानानेंच पेट घेतला, आगीची वावटळ उठली आणि सुमारें ३८ हजार जीव भस्मसात् झाले. तेथून फार दूर नसलेल्या कियोसुमीच्या उद्यानास मात्र दाट झाडांचा वेढा होता. त्याच्या आश्रयास गेलेले सुमारें २० हजार लोक वांचले. आंत विस्तीर्ण तळें होतें, हेंहि खरें. सगळें श्रेय झाडांनाच देणें न्यायाचें होणार नाहीं. तथापि वस्तीला लागून असलेली राई ही नुसती शोभेची वस्तु नव्हे, हें त्या दिवशीं दिसून आलें.

अशा राया नव्यानें उभारण्याची रीत पुढें अकिरा मियावाकी या वनस्पतिशास्त्रज्ञांनीं बसविली. त्यांचा जन्म १९२८ चा. १९५८ सालीं ते जर्मनीस राइनहोल्ड ट्यूक्सेन यांच्याकडे अध्ययनास गेले. ट्यूक्सेन यांचा प्रश्न विलक्षण होता: मनुष्याचा हात उद्यां थांबला, तर या भूमीवर कोणतें अरण्य उभें राहील? मियावाकींना याचें उत्तर स्वदेशीं देवळांच्या आवारांत सांपडलें. डोंगरावरचे सूचिपर्णी वृक्ष बरेचसे लागवडीचे. मूळचे सदाहरित वृक्ष शिंतो देवस्थानांच्या राईंतच टिकून होते, कारण देवाच्या भयानें तेथें कुऱ्हाड चालली नव्हती. महाराष्ट्रीयांस हें नवल नाहीं. सह्याद्रींतील देवराया अशाच राहिल्या. माधव गाडगीळ व वा. द. वर्तक यांनीं त्यांचा केलेला अभ्यास १९७६ मध्यें प्रसिद्ध झाला.

मियावाकींची रीत समजण्यास सोपी आहे. जमीन भुसभुशीत करून तींत पालापाचोळा मिसळावा; तेथल्याच जातींचीं उंच, मध्यम व झुडुपवजा रोपें चौरस मीटरास तीन-चार अशीं मिसळून लावावीं; वर पेंढा पसरावा. उजेडासाठीं रोपें चढाओढीनें वाढतात. दोन-तीन वर्षें पाणी व खुरपणी. त्यानंतर राई आपली आपण वाढते. ही दोन-तीन वर्षेंच कठीण असतात, कारण रोप लावण्याच्या समारंभास गर्दी होते, खुरपणीस होत नाहीं. हॉलंडमधील झानडाम येथें २०१५ मध्यें टेनिसच्या मैदानाएवढ्या जागेंत अशी राई झाली, तेव्हां शाळेंतील मुलांस तींत सहभागी करून घेण्यांत आलें. २०२० सालीं मुंबई महापालिकेनेंहि ही रीत स्वीकारली.

दख्खनच्या पठारावर मात्र विचार हवा. तेथील कित्येक माळ मूळचेच गवताचे व विरळ काटेरी झाडांचे. लांडगा, खोकड त्यांच्यावरच जगतात. तेथें दाट राई लावणें म्हणजे ट्यूक्सेन यांचा प्रश्न न विचारतांच उत्तर देणें होय. शहराच्या कडेची पडीक जागा खणण्यापूर्वीं एखाद्या म्हाताऱ्या धनगरास विचारलें, तरी तेथें पूर्वीं काय उगवत होतें तें पुष्कळसें समजतें.