गिटार-इफेक्ट यंत्राची पुनर्बांधणी

गिटार-इफेक्ट यंत्राची पुनर्बांधणी : उत्पादन थांबलेल्या जुन्या गिटार-इफेक्टचे सर्किट अभ्यासून ते आज मिळणाऱ्या सुट्या भागांतून, आजच्या वीजपुरवठ्यावर चालेल अशा पेडलच्या रूपात नव्याने बांधणे. मूळ यंत्र जसेच्या तसे चालू करणे ही दुरुस्ती होय आणि त्याचा भाग न् भाग उतरवणे ही प्रतिकृती. पुनर्बांधणीत आवाज मूळचा राहतो. पेटी, वीज, जोडण्या आणि बऱ्याचदा आतील भागही बदलतात. त्यामुळे मूळ यंत्रातील कोणता दोष आवाजाचा भाग होता आणि कोणता केवळ त्या काळाची अडचण होती, हे ठरवणे हेच या कामाचे मर्म आहे.

पार्श्वभूमी : फझ या इफेक्टचा उगमच एका बिघाडातून झाला. मार्टी रॉबिन्स या गायकाच्या १९६१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘डोन्ट वरी’ या गाण्याच्या नॅशव्हिल येथील ध्वनिमुद्रणात मिक्सरचा एक चॅनेल बिघडला आणि बास-गिटारचा आवाज घोगरा, फाटका उमटला. तो तसाच ठेवण्यात आला. ध्वनिमुद्रक ग्लेन स्नॉडी यांनी पुढे तोच परिणाम ट्रान्झिस्टरच्या सर्किटमधून साधला आणि गिब्सन कंपनीने १९६२ मध्ये ‘माएस्ट्रो एफझेड-१ फझ-टोन’ या नावाने तो बाजारात आणला. लंडनच्या आर्बिटर कंपनीचा ‘फझ फेस’ १९६६ चा. प्रतिध्वनीच्या यंत्रांत माइक बॅटल यांचा टेपवर चालणारा ‘एकोप्लेक्स’ (१९५९), मिलानच्या बिन्सन कंपनीचा चुंबकीय ड्रमवर चालणारा ‘एकोरेक’ आणि जपानच्या रोलँड कंपनीचा ‘आरई-२०१ स्पेस एको’ (१९७४) ही प्रमुख नावे. स्पेस एको हे पुनर्बांधणीचे ठळक उदाहरण आहे : रोलँडच्याच बॉस या शाखेने ते २००७ मध्ये आरई-२० आणि २०२२ मध्ये आरई-२ व आरई-२०२ या पेडलांत आणले. टेप आणि मोटर गेली; टेपच्या चालीतील थरथर आणि झिजलेल्या टेपचा मंद आवाज मात्र डिजिटल गणिताने मुद्दाम परत घालण्यात आला.

फझची पुनर्बांधणी : जर्मेनियम फझ फेसमध्ये दोन पीएनपी ट्रान्झिस्टर आणि जेमतेम डझनभर भाग असतात. पहिल्या ट्रान्झिस्टरच्या कलेक्टरवर ३३ किलोओहम, दुसऱ्याच्या कलेक्टरवर ४७० ओहम व ८.२ किलोओहम, फीडबॅकसाठी १०० किलोओहम, फझचा १ किलोओहमचा व आवाजाचा ५०० किलोओहमचा पॉट. कंडेन्सर फक्त तीन. आराखडा इतका सोपा असूनही एकाच कारखान्यातून निघालेले दोन फझ फेस सारखे वाजत नसत, कारण जर्मेनियम ट्रान्झिस्टरचा गेन आणि गळतीचा प्रवाह नगागणिक बदलतो.

म्हणून खरे काम सोल्डरिंगच्या आधी, ट्रान्झिस्टर निवडताना होते. त्याची रूढ पद्धत अशी : ९ व्होल्टचा पुरवठा आणि कलेक्टरच्या वाटेत सुमारे २,४७० ओहमचा रेझिस्टर घेऊन, बेस मोकळा ठेवून, त्या रेझिस्टरवरचा व्होल्टेज मोजावा, हा गळतीमुळे येतो. मग बेसला २.२ मेगओहममधून सुमारे ४ मायक्रोअँपिअर प्रवाह देऊन पुन्हा मोजावे. दोन आकड्यांतील फरकाला शंभराने गुणले की खरा गेन मिळतो. पहिले माप ०.२५ व्होल्ट आणि दुसरे १.०५ व्होल्ट आले, तर गळती सुमारे १०० मायक्रोअँपिअर आणि गेन सुमारे ८० समजावा. साध्या मल्टिमीटरच्या गेन-खाचेत हाच नग जास्त गेन दाखवतो, कारण तिथे गळतीही गेनमध्ये धरली जाते. नग बोटांत धरल्यास हाताच्या उबेने आकडा डोळ्यांदेखत चढतो. तो थंड होऊन स्थिर होईपर्यंत थांबावे लागते. पहिल्या जागी सुमारे ७० ते ८० आणि दुसऱ्या जागी ११० ते १३० गेनचा नग चांगला मानतात. दुसऱ्या कलेक्टरवर पुरवठ्याच्या निम्मे, म्हणजे ४.५ व्होल्टच्या आसपास, मिळाले की बायस जमला.

पुनर्बांधणीत ८.२ किलोओहमच्या जागी ट्रिमपॉट घालून हा बायस हाताने जमवण्याची सोय ठेवतात. मूळ यंत्रात नसलेली ही सोय उष्ण प्रदेशात गरजेची ठरते. जर्मेनियमची गळती दर १० अंश सेल्सिअसला साधारण दुप्पट होते. २५ अंशांवर जमवलेला पेडल ४५ अंशांवर गेला की गळती चौपट. बायस सरकतो आणि आवाज पातळ व तुटक होतो. बीडसारख्या जिल्ह्यात उन्हाळ्यात पारा चाळिशीपार जातो, तेव्हा उघड्या मांडवात दुपारी वाजणारा आणि डिसेंबरच्या रात्री वाजणारा फझ एकच राहत नाही. इथे दोनच पर्याय उरतात : ट्रिमपॉट पेटीबाहेर आणणे किंवा सिलिकॉन ट्रान्झिस्टर वापरणे. सिलिकॉनमध्ये गळती नगण्य, पण आवाज अधिक तीक्ष्ण. गिटारचा व्हॉल्यूम कमी केल्यावर होणारी स्वच्छ उतरणही तितकी मऊ राहत नाही.

प्रतिध्वनीची पुनर्बांधणी : टेप-एको आज पेटीसह बांधणे महाग आणि नाजूक काम आहे. अमेरिकेतील यंत्रे १२० व्होल्ट व ६० हर्ट्‌झवर चालत. वीजवारंवारतेशी बांधलेली मोटर आपल्याकडील ५० हर्ट्‌झवर एक षष्ठांशाने मंद फिरते. ट्रान्सफॉर्मरने व्होल्टेज उतरवले तरी ही मंदगती जात नाही आणि प्रतिध्वनीचे अंतर सुमारे २० टक्क्यांनी वाढते.

म्हणून पुनर्बांधणीत तीन वाटा आहेत. पहिली बकेट-ब्रिगेड चिपची. फिलिप्सच्या संशोधकांनी १९६९ मध्ये मांडलेल्या या तंत्रात विद्युतभार एका कंडेन्सरमधून पुढच्यात असा पाणी भरलेल्या बादल्यांच्या रांगेप्रमाणे सरकतो. एमएन३००५ या चिपमध्ये ४,०९६ टप्पे असतात. विलंब काढताना टप्प्यांच्या संख्येला क्लॉकच्या दुपटीने भागतात. १० किलोहर्ट्‌झच्या क्लॉकवर हा विलंब सुमारे २०५ मिलिसेकंद येतो. विलंब वाढवण्यासाठी क्लॉक मंदावला की वरचे सूर गाळावेच लागतात, आणि हाच मंदावलेला, गडद प्रतिध्वनी वादकांना हवा असतो. दुसरी वाट पीटी२३९९ या स्वस्त डिजिटल चिपची. कराओके यंत्रांत आणि माइकच्या एको-बोर्डांत ती सर्रास असते. विलंब ताणला की तिचा आवाज खरखरीत होत जातो. तिसरी वाट पूर्ण डिजिटल प्रक्रियेची. मूळ यंत्राचा प्रीॲम्प आवाजाला वेगळा रंग देत असल्यास तो कोणत्याही वाटेत स्वतंत्र बांधावा लागतो. एकोप्लेक्स ईपी-३ मधील प्रीॲम्पपासून प्रेरणा घेऊन झोटिक कंपनीने ‘ईपी बूस्टर’ हा निव्वळ बूस्टर पेडल काढला, त्यात प्रतिध्वनी नाहीच.

‘युनि-व्हाइब’ या जपानी यंत्राची अडचण वेगळी. त्यात एक छोटा बल्ब उजळतो-मंदावतो आणि भोवतालचे चार प्रकाशसंवेदी रेझिस्टर सिग्नलची कला बदलतात. बल्बची तार सावकाश तापते आणि निवते, म्हणून त्याची लय चढताना आणि उतरताना सारखी नसते. त्याजागी एलईडी बसवला की तो क्षणात पेटतो-विझतो आणि लयीतला हेलकावा हरवतो. शिवाय या रेझिस्टरांत कॅडमियम असल्याने २००६ पासून युरोपातील घातक-पदार्थ नियमांनी त्यांचा वापर आवळला आहे.

वीजपुरवठा व पेटी : आजचे पेडल ९ व्होल्टच्या, मध्यभाग ऋण असलेल्या सॉकेटवर चालतात. पीएनपी जर्मेनियम फझमध्ये मात्र धन टोक अर्थला असते. असा पेडल इतर पेडलांसोबत एकाच तारेवर जोडला, तर पुरवठा शॉर्ट होतो. उपाय म्हणजे आत मॅक्स१०४४ सारखी चिप बसवून उणे ९ व्होल्ट तयार करणे. तिची पहिली पिन धन पुरवठ्याला जोडावी. नाहीतर तिची मूळ वारंवारता आवाजात शिट्टी म्हणून ऐकू येते. ही चिप १० व्होल्टच्या वर टिकत नाही. बाजारातील साधे, अनियंत्रित ॲडॉप्टर भार नसताना ९ ऐवजी १२ व्होल्टपर्यंत देतात. तिथे एलटी१०५४ वापरणे शहाणपणाचे. पेटी डाय-कास्ट ॲल्युमिनियमची घेतात, कारण तीच बाहेरील गुणगुण अडवते. नऊ पिनांच्या पाय-स्विचने इफेक्ट बंद असताना सिग्नल सर्किटला वळसा घालून थेट पुढे जातो.

महाराष्ट्रातील स्थिती : सुट्या भागांचा मुख्य बाजार मुंबईचा लॅमिंग्टन रोड, त्याखालोखाल पुण्याची बुधवार पेठ. मुंबईची ॲनिमल फॅक्टरी ॲम्प्लिफिकेशन ही संस्था गिटार-पेडल बनवते. जर्मेनियमचा साठा मात्र बाजारापेक्षा जुन्या रेडिओंत अधिक सापडतो. बंगळूरच्या भारत इलेक्ट्रॉनिक्स लिमिटेडने १९६०च्या दशकात जर्मेनियम ट्रान्झिस्टर बनवायला घेतले. एसी१२७ व एसी१२८ ही जोडी त्या काळच्या ट्रान्झिस्टर-रेडिओच्या स्पीकरआधीच्या टप्प्यात असे. यांतील एसी१२८ हा पीएनपी नग फझ फेसमध्येही वापरला गेलेला आहे. बीड, माजलगाव, अंबाजोगाई अशा गावांतील रेडिओ-मेकॅनिकच्या डब्यातला काढलेला नग म्हणूनच फझसाठी कामाचा ठरतो. अट एवढीच की तो वर सांगितल्याप्रमाणे मोजून घ्यावा.

बीड जिल्ह्यात आणि एकूण मराठवाड्यात अशा पेडलचा संभाव्य ग्राहक गिटारवादकापेक्षा बँजो पार्टीतला वादक आहे. टंकयंत्रासारख्या कळांचा हा इलेक्ट्रिक बँजो जपानी ताइशोगोतोपासून आला. त्याच्या पोलादी तारांखालचा पिकअप गिटारइतकाच क्षीण सिग्नल देतो, त्यामुळे गिटारचा पेडल त्याला थेट जोडता येतो. पण फझ त्याला मानवत नाही : सुराच्या तारांसोबत आधार-सुराच्या ताराही वाजत असल्याने विकृतीत त्यांची सरमिसळ होऊन आवाज गढूळ होतो. कळेचा सूर तुटक असल्यामुळे २०० ते ३०० मिलिसेकंदांचा एको त्याला भरीव करतो. बँजोसाठी पुनर्बांधणी करायची तर एकोच निवडावा आणि पेटी धुळीपासून व मिरवणुकीच्या गाडीच्या हादऱ्यांपासून जपावी. पॉट व स्विच बोर्डावर न ठेवता पेटीला घट्ट आवळावेत.

कायदेशीर बाजू : भारतीय पेटंट कायद्यानुसार पेटंट २० वर्षे टिकते, १९६० व १९७० च्या दशकांतील सर्किटांवर आज पेटंटचा हक्क उरलेला नाही. नाव व चिन्ह मात्र व्यापारचिन्ह म्हणून चालू राहते : ‘फझ फेस’ हे नाव आज डनलॉप कंपनी वापरते. सर्किट उघड होऊ नये म्हणून काही जण बोर्डावर काळा इपॉक्सी ओततात. बॉस्टनच्या बिल फिनेगन यांच्या ‘क्लॉन सेंटॉर’ (१९९४) मध्ये तसे केले होते, तरीही त्याच्या प्रतिकृती निघाल्याच.

तपासणी : तयार पेडल मूळ यंत्राशेजारी ठेवून, एकच गिटार व एकच ॲम्प्लिफायर वापरून, दोन्हींचा आवाज समान पातळीवर आणून तुलना करतात, जो थोडा मोठा वाजतो तो कानाला चांगला वाटतो, म्हणून ही खबरदारी. मूळ यंत्र नसेल तर प्रत्येक टप्प्यावरील व्होल्टेज, इनपुट इम्पिडन्स आणि वारंवारता-प्रतिसाद यांची मापे आधार ठरतात. इनपुट इम्पिडन्स फझमध्ये विशेष पाहावा : तो कमी असल्यानेच गिटारचा पिकअप सर्किटचा भाग बनतो. पेडलआधी बफर आला की हा धागा तुटतो आणि अचूक बांधलेला फझही कर्कश वाजतो. म्हणून पेडलसोबतच्या सूचनांत तो गिटारनंतर पहिला जोडावा असे लिहिणे हाही पुनर्बांधणीचाच भाग ठरतो.